पाळक बदलून गेले आणि पाकिटं थांबली

नाइलाजाने_खजिनदार

सलाम मंडळी. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या चर्चचा मी खजिनदार. कोणी हात वर केला नाही म्हणून झालो, ते असो.

जूनच्या बदल्यांत आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गेले. नऊ वर्षं होते, म्हणजे बदली होणारच होती. यादीत ज्यांचं नाव आलं ते आजारपणामुळे रुजू झाले नाहीत आणि दुसरं नाव अजून ठरत नाही. शेजारच्या गावचे पाळक इनचार्ज आहेत. ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देतात. बाकीचे रविवार आम्ही वडील मंडळीच, म्हणजे चर्चमधले जबाबदारीचे सभासद, रेटतो.

रविवारची हजेरी निम्म्यावर आली आहे. वर्गणीची पाकिटं त्याहून कमी. जी कुटुंबं येत नाहीत त्यांतली बरीचशी रोज सकाळी जुन्या पाळकसाहेबांचा व्हॉइस मेसेज ऐकतात, गुरुवारी रात्री त्यांच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर प्रार्थनेला बसतात, आणि दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) यूपीआयने थेट त्यांच्या नव्या गावी पाठवतात. विचारलं की उत्तर एकच : "आमचे पाळक तेच."

कमिटीपुढे प्रस्ताव आहे की ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांची नावं रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवावीत. दिवाळीनंतर चर्चची मतदारयादी पक्की व्हायची आहे. थकबाकीदाराला मत नाही हा नियम जुनाच. माझं मत प्रस्तावाच्या बाजूने आहे. पाळक गेल्यावर जो चर्चची पायरी चढत नाही, तो इतकी वर्षं कोणासाठी येत होता? विश्वास प्रभूवर होता की पाळकांवर?

तुमच्याकडे असं झालंय का? काय केलं?

पेटीवाला

नावं वाचू नका.

आमच्याकडे फार पूर्वी वाचली होती. मी पेटीवर बसलो होतो, शेवटच्या गीताचा सूर धरून. सेक्रेटरींनी यादी काढली आणि चौथं की पाचवं नाव एका म्हाताऱ्या बाईंचं निघालं. त्या समोरच बसलेल्या. त्यांचा मुलगा मुंबईहून पैसे पाठवायचा, ते त्या महिन्यात आले नव्हते. बाई उठल्या, शालीत गुंडाळलेलं बायबल काखेत धरलं आणि मधल्या वाटेने चालत गेल्या. त्यांच्यामागून त्यांची अख्खी भावकी. त्यातली अर्धी आज दुसऱ्या पंथाच्या चर्चला जाते. थकबाकी होती शंभराच्या आत.

टिंगलखोर

वाचायचीच असतील तर कमिटीपासून सुरुवात करा. यादी तिथेच संपली तर उपासना वेळेत सुटेल.

नाइलाजाने_खजिनदार

@टिंगलखोर, कमिटीची पाकिटं सगळी आली आहेत. मी स्वतः मोजतो.

@पेटीवाला, वाईट झालं खरं. पण मग नियम ठेवायचे कशाला? वीजबिल, चर्चच्या शिपाईमामांचा पगार, डायोसिसचा (बिशपांच्या हाताखालच्या विभागाचा) वाटा हे काही पाळकांच्या बदलीला जात नाहीत.

आगाशीकर

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे मत नाही, यादी नाही, त्यामुळे निम्मं भांडणही नाही. बिशपांचं पत्र येतं, अमुक फादर अमुक धर्मग्रामात (म्हणजे चर्चच्या हद्दीत). साधारण सहा वर्षांनी प्रमुख धर्मगुरू बदलणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. जागा मोकळी पडलीच तर नवीन व्यवस्था होईपर्यंत सहायक फादरांनी सांभाळायची, असं कॅनन लॉमध्येच, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातच, लिहून ठेवलंय.

आता गंमत सांगतो. आमचे मागचे फादर गेले तेव्हा बसेस भरून माणसं त्यांना पोचवायला नव्या चर्चला गेली. बायका रडल्या, पुरुषांनी डोळे पुसले, तिथल्या लोकांनी जेवू घातलं. पंधरा दिवसांनी सगळे नवीन फादरांचा उपदेश लांबतो की नाही यावर बोलत होते. जुन्यांना कोणी दान पाठवल्याचं ऐकलं नाही. आमच्यात श्रद्धा जास्त आहे असं मुळीच नाही. फादर बदलतात याची सवय आहे, एवढंच.

टिंगलखोर

आणि लांबत होता का?

आगाशीकर

तो धागा वेगळा काढावा लागेल. :)

श्रीगोंदेकर

खजिनदारसाहेब, राग मानू नका. तुम्ही प्रश्न विश्वासाचा केलात, मला तो भरवशाचा वाटतो. पाळक नसले की कमिटी राजा होते. सही करणारी तीच, खर्च करणारी तीच, विचारणाऱ्याला गप्प बसवणारीही तीच. अशा वेळी माणूस पाकीट घरीच ठेवतो, देवावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. जूननंतरचा हिशेब लोकांना दाखवलात का?

नाइलाजाने_खजिनदार

दर तिमाहीला दाराशेजारच्या फळ्यावर लावतो. पावतीबुक उघडं आहे, कोणीही या, बघा.

खर्च मोठा एकच झाला. पाळकांच्या बंगल्याच्या मागच्या खोलीला वाळवी लागली होती. चौकटी बदलल्या, औषध मारलं. त्यावरून बोंब उठली की राहायला माणूस नाही आणि बंगल्यावर पैसा कशाला. आता नवीन पाळक आल्यावर त्यांच्या डोक्यात चौकट पडू द्यायची का?

श्रीगोंदेकर

फळ्यावर लावलेला हिशेब चर्चला येणाऱ्यांनाच दिसतो. न येणाऱ्यांचं काय?

पाळकाची_लेक

हा धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील पाळक होते. आता निवृत्त आहेत.

आमच्या घरात पत्र्याच्या चार ट्रंका होत्या, त्यातल्या दोन कधी पूर्ण रिकाम्या झाल्याच नाहीत. आई म्हणायची, काढायचं कशाला, परत भरायचंय. माझी दहावी एका गावात सुरू झाली आणि दुसऱ्या गावात संपली. नव्या गावात पहिल्या आठवड्यात घरी येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलायची, "आधीचे पाळकसाहेब तर असं करायचे." त्या आधीच्या पाळकसाहेबांनाही त्यांच्या नव्या गावात आमच्या पप्पांचं नाव ऐकवत असणार.

पप्पांचा नियम होता : बदली झाल्यावर एक वर्ष जुन्या गावात पाऊल टाकायचं नाही. लग्न असो, मयत असो. लोक भयंकर चिडायचे, "मोठे झाले साहेब" म्हणायचे. आई मात्र चोरून फोन करायची, आणि कोणाची सून बाळंत झाली हे पप्पांना तिच्याकडूनच कळायचं.

निघताना ते एक शंभर पानी वही नवीन पाळकांसाठी ठेवून जायचे. कोण अंथरुणावर आहे, कोणाला घरी जाऊन प्रभुभोजन द्यावं लागतं, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून त्यांना एकाच कामावर नेमू नये. एका ठिकाणी पाच वर्षांनी आम्ही पाहुणे म्हणून गेलो, तर ती वही बंगल्याच्या माळ्यावर जशीच्या तशी सापडली.

तेव्हा तुमच्या जुन्या पाळकसाहेबांनी व्हॉइस मेसेज थांबवावा असं मला वाटतं. त्यांचा हेतू वाईट नसेल. नव्या गावी त्यांना अजून कोणी आपलं म्हणत नसेल, जुनी माणसं सकाळी उठून त्यांचा आवाज ऐकतात याचा आधार वाटत असेल. पण दशमांश त्यांनी परत पाठवायला हवा.

मेथडिस्ट_मुलगी

@पाळकाची_लेक, ट्रंकांना +१००. आमच्याकडे तर दरवर्षी कॉन्फरन्सला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सभेला, बिशप नेमणुका वाचून दाखवतात. त्याच गावात राहायचं असलं तरी नाव पुन्हा वाचलं जातं. लहानपणी आम्ही पोरं वाचन संपेपर्यंत श्वास रोखून बसायचो. आपलं गाव आलं की "झालं, शाळा तीच!"

श्रद्धावान_शंकासुर

मी हिंदू, धागा कुतूहलाने वाचतोय. एक शंका : पाळक नसले तर नेमकं अडतं काय? वडील मंडळी उपदेश करतात, गाणी होतात. आमच्याकडे वारकरी फडावर महाराज गेले आणि वारसावरून मतभेद झाले की फड फुटतो, पण वारी काही थांबत नाही.

पेटीवाला

@शंकासुर, चांगला प्रश्न. उपदेश, प्रार्थना, गीतं कोणीही चालवू शकतं. प्रभुभोजन दीक्षित, म्हणजे चर्चने रीतसर अधिकार दिलेले, पाळकच देतात. बाप्तिस्मेही एरवी तेच देतात, म्हणून पाळक नसले की लांबतात. लग्नाचं तर १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आहे, ज्याला अधिकार वा लायसन आहे त्यानेच लावायचं. म्हणजे इनचार्ज पाळकांच्या तारखा बघून मुहूर्त. आमच्याकडे एका लग्नात नवरा-नवरी दोघं वेळेवर, वऱ्हाड वेळेवर, आणि पाळकसाहेबांची एसटी घाटात बंद पडलेली.

अवांतर : पाळक नसण्याचा एक फायदा युवक संघाने उठवला. पाळकांनी इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलेला ड्रमसेट आता आत आलाय. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली गीतं प्रोजेक्टरवर येतात आणि ठेका असा की ना. वा. टिळकांचा अभंग चाललाय की हळदीची मिरवणूक, कळत नाही. मी पेटीचे सूर दाबतो, ऐकू मलाच येत नाहीत.

टिंगलखोर

हसून हसून पुरेवाट. पण आमच्या पोराला तेच आवडतं. ड्रम आल्यापासून तो साडेआठलाच चर्चमध्ये असतो. निम्मी हजेरी घटली म्हणता ना, ती आमच्या घरात दुप्पट झाली.

पेटीवाला

पोराला म्हणावं, तिसऱ्या कडव्याला तरी थांब.

अभ्यासू_किडा

थोडा इतिहास, कारण नगरकडच्या या दुखण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१मध्ये सुरू झालं. हे मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे प्रत्येक मंडळी (एका चर्चचे सभासद) स्वतंत्र, आपला पाळक आपण बोलवायचा. सुरुवातीला पाळक मिशनरीच असत. १८५४मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा देऊन नगरच्या मंडळ्यांवर नेमलं. त्याच सुमारास हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन दौऱ्यावर आले. त्यांचा आग्रह असा की गावोगावच्या मंडळ्यांना देशी पाळक द्या आणि त्यांचा पगार मंडळीनेच उचलावा. स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रसार. आज खजिनदारसाहेब ज्या पाकिटांसाठी डोकं धरून बसलेत, त्यांची मुळं या विचारात आहेत.

पुढे १९७०मध्ये नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बिशप आले, डायोसिस आला, बदलीची यादी आली. खर्च मात्र गावानेच करायचा. म्हणजे आमचा पिंड काँग्रिगेशनल आणि कारभार बिशपांचा. ज्याला आपण निवडलं नाही त्याचा पगार द्यायचा, आणि ज्याच्यावर जीव जडला त्याला आपल्याला न विचारता उचलून न्यायचं. लोक पाकिटातून बोलतात, कारण बोलायला दुसरी जागाच ठेवलेली नाही.

आणि नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. ते दीक्षित पाळक. १९१७मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. मिशन सोडलं, ख्रिस्त सोडला नाही. तेव्हा चर्चची पायरी न चढणारा प्रत्येक जण अविश्वासू, हे समीकरण मला मान्य नाही.

श्रीगोंदेकर

टिळकांनी मिशनचा पगार सोडला. आमची माणसं वर्गणी सोडतात. फरक आहे हो!

अभ्यासू_किडा

हा टोला मान्य. :)

एक_वडील

मीही एका मंडळीत वडील आहे. प्रेषित पौल करिंथात दीड वर्ष राहून गेला आणि मागे लोकांनी गट पाडले, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. त्याने स्पष्ट लिहिलं, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवणारा देव. विषय संपला.

टिंगलखोर

संपला कसा? पौलाने जुन्या मंडळीला पत्रं पाठवली की नाही? आमच्या पाळकांनी व्हॉइस मेसेज पाठवला तर एवढा गहजब का? त्याच्या काळात व्हॉट्सॲप असतं तर थेस्सलनीकाकरांचा ग्रुप पहिला झाला असता.

एक_वडील

पत्रं पाठवली, पण पत्रात काय लिहिलं ते वाचा. माझ्या नावाने गट करू नका म्हणाला. वर्गणी मागितली ती यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी, आणि ती पोचवायला माणसं तुमची तुम्ही निवडा, असंही सांगितलं. स्वतःच्या नव्या गावी पाठवा असं कुठे म्हणाला?

टिंगलखोर

बरं. १-० तुम्ही.

लेस्टरवासी

इंग्लंडमध्ये आमच्या चर्चला व्हिकर, म्हणजे पाळक, नव्हते तेव्हाचा अनुभव. इथे या काळाला सरळ 'व्हेकन्सी' म्हणतात, आणि सगळा भार चर्चवॉर्डनांवर, म्हणजे निवडून दिलेल्या कारभाऱ्यांवर, पडतो. मंडळीला स्वतःबद्दल एक दस्तऐवज लिहावा लागतो : माणसं किती, पैसे किती, छत गळतं का, कोणता उमेदवार हवा. मग जाहिरात, मुलाखती. मंडळीच्या प्रतिनिधींना नकार द्यायचाही हक्क असतो.

ते लिहायला बसलो तेव्हा खरी भांडणं झाली, कारण रविवारी खरोखर किती माणसं येतात हे कागदावर मांडायला कोणी तयार नव्हतं. गेलेले व्हिकर मयतीलासुद्धा बोलावल्याशिवाय येत नाहीत, हा इथला शिष्टाचार. आधी मला तो फार कोरडा वाटायचा. @पाळकाची_लेक यांच्या पप्पांचा नियम वाचून हायसं वाटलं.

दौंडकरीण

केडगावच्या मुक्ती मिशनची, निराधार बायका-मुलींच्या आश्रमाची, आठवण निघायला हवी. पंडिता रमाबाईंनी पुढची सगळी जबाबदारी मुलीवर, मनोरमाबाईंवर, सोपवायची तयारी केली होती. १९२१मध्ये मनोरमाबाईच गेल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. तरी मुक्ती आजही चालू आहे. माझी आजी तिथेच वाढली. रमाबाईंविषयी ती बोलायचीच, पण जास्त बोलायची ती तिला वेण्या घालणाऱ्या, रात्री तापात उशाशी बसणाऱ्या बायांबद्दल. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

आवडाबाई

मी लिहायला हळू आहे, नातू टाइप करून देतोय. खजिनदारांच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते.

आमच्याही गावाला मध्यंतरी पाळक नव्हते. त्याच काळात आमचे हे गेले, रात्री. इनचार्ज पाळकांना फोन लावला, ते लांब होते, दुपारशिवाय पोचू शकत नव्हते. उन्हाळ्याचे दिवस. गल्लीतले एक वडील, पेशाने कंडक्टर, ते आले. घरात बसून प्रार्थना केली, आणि कबरस्थानात पुस्तकातून विधी वाचला. आवाज थरथरत होता, एक पान चुकून दोनदा वाचलं. पण नीट झालं सगळं. ज्यांनी चर्चला यायचं बंद केलं होतं त्याच घरातली पोरं पहाटेपासून खड्डा खणत होती. आमची जमीन मुरमाड, पहार लागते. तुम्ही म्हणता तसे ते अविश्वासू होते का?

पण ऐका पुढचं. जुने पाळकसाहेब दर महिन्याला एकदा तरी घरी यायचे. पाच मिनिटं बसायचे, कोरा चहा घ्यायचे, साखर नको म्हणायचे. औषध चालू आहे का विचारायचे. ते गेल्यावर कमिटीतलं कोणी माझ्या दारात आलं नाही, वर्गणीची चिठ्ठी घेऊन आलेला शिपाईमामा सोडला तर. मयत झाली तेव्हा सगळे आले, नंतर पुन्हा कोणी नाही. मी पाच महिने चर्चला गेले नाही. माझा प्रभू माझ्याजवळ होता. मंडळी नव्हती.

त्या कंडक्टरची बायको एका शनिवारी आली आणि म्हणाली, उद्या मी रिक्षा करतेय, तुम्ही बसाल का. मी बसले.

तेव्हा विचारायचंच असेल तर हे विचारा : घरी कोण जायचं? पाळक जायचे. त्यांना पगार होता म्हणून ते काम त्यांचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. आता पाळक नाहीत तर जातंय कोण?

पेटीवाला

आवडामावशी, सलाम तुम्हाला.

दौंडकरीण

+१. यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

श्रीगोंदेकर

माझ्याकडे आहे. :) मावशींचं शंभर टक्के पटतं, तरी घरभेट म्हणजे वर्गणीवसुली होता कामा नये. कमिटी चहा पिऊन उठताना पावतीबुक काढेल, आणि झालं कल्याण.

अभ्यासू_किडा

आणि घरभेटींनी डायोसिस जबाबदारीतून सुटत नाही. महिनोन्‌महिने नेमणूक लांबवायची आणि गावाने एकमेकांच्या घरी जाऊन प्रेम वाढवायचं, हे वरच्यांच्या पथ्यावर पडतं. बिशपांना पत्र लिहा, सह्या घ्या.

नाइलाजाने_खजिनदार

सगळ्यांचे आभार. कमिटीची बैठक झाली, म्हणून कळवतो.

नावं वाचायचा प्रस्ताव दोन मतांनी पडला. मी बाजूनेच मत दिलं, लपवत नाही. पण आवडाबाईंचा प्रतिसाद मी बैठकीत वाचून दाखवला, आणि त्यानंतर कोणाला फार जोर उरला नाही. गावाचे पाच भाग केलेत. प्रत्येक भागाला एक वडील आणि महिला मंडळातली एक बाई, दोघांनी जायचं. पावतीबुक न्यायचं नाही, ही श्रीगोंदेकरांची अट घातली आहे.

माझ्या भागातल्या सगळ्या घरी जाऊन आलो. एका घरी मुलाची कंपनीतली नोकरी गेलीय, पाकीट रिकामं द्यायची लाज वाटते म्हणून येत नाहीत. एका घरी वाळवीच्या खर्चावरून अर्धा तास ऐकून घेतलं, मग त्यांना बंगल्यावर नेऊन जुनी चौकट दाखवली, हाताने चुरा होत होती. एका काकांनी तोंडावर सांगितलं, "मला ते पाळक आवडायचे, तुम्ही आवडत नाही." त्यावर काय बोलणार? चहा चांगला होता.

जुन्या पाळकसाहेबांना मी स्वतः फोन केला. दशमांश येतो हे त्यांना माहीत होतं, पण तो कोणाकोणाचा हे त्यांच्या तिथल्या खजिनदारालाच ठाऊक. गुरुवारचा कॉल बंद करतो म्हणाले. सकाळचा मेसेज बंद करायला तयार नाहीत. म्हणाले, तो मी सगळ्यांनाच पाठवतो.

मतदारयादीचा नियम मात्र मी सोडणार नाही. घरी जाणं वेगळं, नियम वेगळा. ज्यांना खरोखर जमत नाही त्यांनी सांगावं, माफ करायचा अधिकार कमिटीला आहे. न सांगता थकवणाऱ्याला मत कशाला?

श्रीगोंदेकर

आणि ज्या काकांना तुम्ही आवडत नाही, त्यांची थकबाकी आहे की नाही?

नाइलाजाने_खजिनदार

आहे.

टिंगलखोर

म्हणजे मतदान सुरक्षित.

एक_वडील

टिंगल सोडा. कापणीच्या सणाला बोलवा सगळ्यांना. उपकारस्तुतीला न येणारं घर मी तरी पाहिलं नाही. आमच्याकडे उपासनेनंतर लिलाव होतो. गेल्या खेपेला दोन भावकींची भांडणं चालू होती, आणि एका भोपळ्यावर दोघांनी अशी बोली चढवली की भोपळा सातशेला गेला. ज्याने घेतला त्याने तो दुसऱ्याच्या बायकोला दिला. शेवटी भोपळा शिजला एका घरी आणि जेवले दोन्ही घरचे.

मेथडिस्ट_मुलगी

भोपळा सातशेला!! कोंबडी असती तर?

एक_वडील

कोंबडा होता. तो सुटून चर्चच्या माळ्यावर गेला, अजून बोली बाकी आहे.

लेस्टरवासी

खजिनदारसाहेब, नवीन पाळकांचं काही कळलं का?

नाइलाजाने_खजिनदार

नाव आलंय, सोमवारी पत्र मिळालं. रुजू व्हायची तारीख दिलेली नाही. आता कमिटीत बंगल्याच्या रंगावरून दोन तट पडलेत. पिस्ता की क्रीम?

पाळकाची_लेक

रंग राहू द्या. स्वयंपाकघरातला नळ आधी बघा. मी राहिले त्या प्रत्येक बंगल्यात तो गळायचा, आणि प्रत्येक कमिटीने आधी रंगच दिला होता.